नावाचे भांडवल

तासाला साडेतीनशे किलोमीटर धावू शकणाऱ्या मोटारीशी परळ-लालबागच्या माणसाचा संबंध काय, असे कोणी विचारल्यास तो प्रश्न अप्रस्तुत म्हणता येणार नाही. गणपतीच्या दिवसांत जेथे बेस्टची बस पादचाऱ्याच्या चालीने सरकते, तेथे अशा वाहनाची चर्चा हा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मार्च २०१९ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात 'बात्तिस्ता' ही विजेवर चालणारी जी इटालियन हायपरकार जगापुढे आली, तिची मालकी इटलीत नाही. ती लालबागहून फारशी दूर नसलेल्या वरळीत, महिंद्र उद्योगसमूहाकडे आहे. गिरणगावाच्या कुशीतून चालणारा एक उद्योग तुरीनमधील नव्वद वर्षांचा लौकिक विकत घेतो आणि त्याच्या जोरावर मोटार विकू पाहतो, ही घटना केवळ मोटारशौकिनांची नव्हे. ती अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्ष द्यावे अशी आहे.

प्रथम हा लौकिक कोणता ते पाहू. बात्तिस्ता फारिना यांनी १९३० साली तुरीन येथे मोटारींचे सांगाडे बांधण्याचा कारखाना काढला. 'पिनिन' म्हणजे तिकडच्या बोलीत 'धाकटा'. हे टोपणनाव पुढे इतके रूढ झाले की १९६१ मध्ये अधिकृतपणे आडनावच 'पिनिनफारिना' असे करण्यात आले. या कारखान्याने घडविलेली 'सिसितालिया २०२' ही मोटार १९५१ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने शिल्पासारखी प्रदर्शनात मांडली. त्यानंतर सुमारे साठ वर्षे फेरारीच्या बहुतेक मोटारींना रूप देण्याचे काम याच घराकडे होते. मात्र दुसऱ्यांच्या मोटारी कंत्राटाने बांधून देण्याचा त्यांचा धंदा या शतकाच्या आरंभी बसला, कर्जाचा डोंगर झाला, फेरारीनेही रेखांकन हळूहळू स्वतःकडे घेतले. डिसेंबर २०१५ मध्ये टेक महिंद्र व महिंद्र अँड महिंद्र यांनी कंपनीचे ७६ टक्के भाग सुमारे अडीच कोटी युरोंना घेण्याचा करार केला. धनकोंना द्यावयाची हमी व नवे भांडवल हे त्याखेरीज.

आता एक साधा हिशेब करावा. बात्तिस्ताची किंमत कर वगळता सुमारे वीस लाख युरो सांगितली गेली आणि दीडशेहून अधिक गाड्या बांधायच्या नाहीत असे जाहीर झाले. म्हणजे ज्या घराण्याचे नाव घेतले, त्या घराण्याच्या भागांची किंमत त्याच नावाच्या तेरा गाड्यांच्या किमतीइतकी होती! याला स्वस्त सौदा म्हणावे की महाग गाडी म्हणावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. पुढे २०२३ मध्ये 'बी ९५' ही बिनटपाची गाडी जाहीर झाली. तिच्या अवघ्या दहा प्रती आणि किंमत चव्वेचाळीस लाख युरोंपासून पुढे. नावातील ९५ हा आकडा कशाचा? वेगाचा नव्हे, शक्तीचाही नव्हे. मूळ कारखान्याच्या वयाचा. वय हाच येथे माल आहे.

असे का व्हावे, याचे उत्तर विजेत आहे. पेट्रोलच्या इंजिनाला घराणे असते. बारा नळकांड्यांचे इंजिन बनविणे हे पिढ्यांचे काम असे. त्याचा आवाज, त्याची थरथर, त्याचा लहरीपणासुद्धा एका कारखान्याची ओळख असे. विजेच्या मोटरीने ही ओळख पुसून टाकली. बात्तिस्ताच्या चार मोटरी मिळून १९०० अश्वशक्ती देतात आणि गाडी दोन सेकंदांच्या आत ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठते. पण ही विद्युत्‌यंत्रणा क्रोएशियातील रिमात्स कंपनीची आहे, आणि त्या कंपनीची स्वतःची हायपरकार त्याच जातीच्या यंत्रणेवर धावते. हृदय दोघांचे सारखेच असेल तर ग्राहकाने एकासाठी जास्त पैसे का मोजावे? उत्तर उरते ते दोनच: रूप आणि नाव. यंत्र जितके सर्वसामान्य होईल तितके नाव दुर्मीळ होते, आणि दुर्मिळतेला खंड मिळतो, हे रिकार्डोने जमिनीबाबत सांगितलेले तत्त्व येथे जसेच्या तसे लागू पडते. मुकी गाडी गिऱ्हाइकाला रुचणार नाही म्हणून कंपनीने तिच्यासाठी खास आवाजही रचून घेतला. (गाडीतील १२० किलोवॅट-तासांची विद्युत्‌घटमाला म्हणजे १२० युनिट वीज. चाळीतील एखाद्या बिऱ्हाडाचा महिना तेवढ्यात निघावा.)

वारसा म्हणून जे विकले जाते तो इतिहास नसतो, ती निवड असते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. केवळ स्वतःचे नाव धारण करणारी मोटार असावी हे बात्तिस्ता फारिना यांचे स्वप्न होते आणि ते आता पुरे होत आहे, अशी कंपनीची कथा आहे. कथा सुंदर आहे. पण फियाटच्या एका उघड्या गाडीवर १९८० नंतरच्या काही वर्षांत पिनिनफारिनाचेच नाव लावले जात होते, ही गोष्ट त्या कथेत येत नाही. जाहिरातीतील वंशावळ ही लग्नाच्या बैठकीतील वंशावळीसारखी असते. अडचणीचे काका तीत नसतात.

याच काळात वरळीला वारशाची दुसरी बाजूही अनुभवावी लागली. महिंद्र समूहाने १९४९ साली माझगावात विलीज जीपची जुळणी सुरू केली. तेव्हापासून जीप हे वाहन लष्कर, जिल्हाधिकारी, सहकारी साखर कारखान्याचा अध्यक्ष आणि खेड्यातील वडाप या सर्वांचे झाले. ते भारतीय नाही असे येथे कोणाच्या मनातही आले नाही. २०१८ साली कंपनीने त्याच घाटाचे 'रॉक्सर' हे वाहन अमेरिकेत जुळवून विकावयास घेतले. त्याच वर्षी पिनिनफारिनाच्या नावाची नवी मोटार कंपनी जाहीर झाली होती. जीपच्या तत्कालीन मालकांनी, म्हणजे फियाट-क्रायस्लरने, तक्रार केली, आणि जून २०२० मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने रॉक्सरने जीपच्या रूपाची नक्कल केली असल्याचा निर्णय दिला. महिंद्रला गाडीचा चेहरा बदलावा लागला. बदललेल्या चेहऱ्यावरचा वादही पुढे लांबला. माझगाव-कांदिवलीच्या कामगारांनी ज्या घाटावर सत्तर वर्षे हात फिरविला, तो कायद्याच्या दृष्टीने त्यांचा नव्हता. ज्या घाटाला त्यांचा हात कधी लागला नाही, तो मात्र पैसे मोजताच त्यांच्या मालकांचा झाला. श्रमाने वारसा निर्माण होतो, परंतु श्रमाने त्याची मालकी मिळत नाही, एवढेच या दोन व्यवहारांवरून म्हणता येते.

वरळी हा काही एकटा अपवाद नव्हे. फोर्टातील बॉम्बे हाऊसने २००८ साली फोर्डकडून जग्वार व लँड रोव्हर यांची २३० कोटी डॉलरना खरेदी केली. त्या जग्वारने डिसेंबर २०२४ मध्ये 'टाइप ००' ही विजेची संकल्पना-मोटार दाखविताना, उलट, जुने चेहरेमोहरे जवळजवळ टाकूनच दिले, आणि त्यावर इंग्लंडात मोठा गदारोळ झाला. संस्थापकाचे वचन मात्र त्यांनीही सोडले नाही: जग्वार कशाचीही नक्कल नसावी. वारसा नाकारण्यासाठीही वारशाचाच आधार! मुंबईतच वझिरानी या लहानशा कंपनीने २०१८ साली इंग्लंडातील गुडवुड येथे 'शूल' ही विद्युत् हायपरकारची संकल्पना मांडली. तिला सांगण्यासारखे आजोबा नव्हते, म्हणून नाव शंकराच्या त्रिशूलावरून घेतले. धाडसाबद्दल तिचे कौतुकच केले पाहिजे.

मग मुंबईला मोटारीचा स्वतःचा वारसा नव्हता काय? होता, आणि तो डोळ्यांदेखत गेला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट पुढे 'प्रीमियर पद्मिनी' झाली, आणि काळ्या-पिवळ्या रंगात तिने गिरगावातील बाळंतिणींपासून दादर स्थानकावरील चाकरमान्यांपर्यंत सर्वांना वाहिले. मूळ रेखांकन इटालियन खरे. परंतु दादर-परळच्या गॅरेजांतील मिस्त्रींनी ती इतकी आपली केली की तिचा कोणताही भाग येथे मिळे आणि येथेच दुरुस्त होई. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवला नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपताच ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. कारखान्याच्या जमिनीवर त्यापूर्वीच इमारतींचे संकुल उभे राहिले होते.

यात कोणा एकाची चूक शोधण्यापेक्षा हिशेबाच्या वहीकडे पाहावे. भारतीय लेखामानक ३८ असे सांगते की, कंपनीने स्वतः निर्माण केलेले नाममुद्रेचे मूल्य ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवावयाचे नाही. विकत घेतलेले मात्र दाखवावयाचे. नियमामागे कारण आहे: स्वतःच्या नावाची किंमत स्वतःच ठरविण्याची मुभा दिली तर ताळेबंद म्हणजे आत्मचरित्र होईल. पण त्याचा परिणाम असा की पद्मिनीचा अर्धशतकाचा लौकिक वहीत शून्य, आणि तिच्या खालची जमीन कोट्यवधींची. लोअर परळच्या गिरण्यांचेही असेच झाले. १९८२च्या संपात उतरलेल्या सुमारे अडीच लाख कामगारांच्या बोटांतले कसब कोणत्याही ताळेबंदात नव्हते, जमिनीचा चौरस फूट होता. आज फिनिक्स मिलच्या जागी उंची वस्तूंची दुकाने आहेत. नाव आणि धुराडे शिल्लक आहे, कापड नाही.

तुरीनला जे घडले ते यापेक्षा एका बाबतीत वेगळे होते. तेथे मालक बदलले, पण कांबियानो येथील रेखांकनगृह चालू राहिले, आणि बात्तिस्ताची जुळणीही तेथेच, हाताने होते. नावाला किंमत आली ती नावामागचे हात कामावर राहिले म्हणून. २०२३ साली तेथूनच 'पुरा व्हिजन' ही संकल्पना-मोटार आली, तेव्हा तिच्या रेषांत सिसितालियाची आठवण दाखविता आली, कारण ती रेषा काढणाऱ्यांची परंपरा खंडित झालेली नव्हती. पवईच्या आयआयटीत औद्योगिक रेखांकनाचे केंद्र १९६९ पासून आहे. तेव्हा रेषा काढणारे आपल्याकडे नाहीत असे म्हणण्याची सोय नाही. वरळीकरांच्या हाती आज थार आणि स्कॉर्पिओ ही दोन नावे आहेत, दोन्ही येथेच रुजलेली आणि दोन्ही ताळेबंदाबाहेरची. विजेच्या गाड्यांचा पुढचा संच आखताना त्यांचे काय करावयाचे, हे आता संचालक मंडळाला ठरवावयाचे आहे.