चामराजपेटच्या दुकानात क्राफ्ट बिअर का मिळत नाही?

बंगळुरू शहराने गेल्या पंधरा वर्षांत देशातील क्राफ्ट बिअरचे प्रमुख केंद्र म्हणून नाव मिळवले आहे. इंदिरानगर, कोरमंगला, व्हाइटफील्ड या भागांतील मायक्रोब्रुअरींमध्ये गव्हाची, गडद माल्टची, कडवट हॉप्सची अशी नाना प्रकारची ताजी बिअर मिळते आणि तिच्यासाठी परगावाहूनही लोक येतात. मात्र याच शहराच्या जुन्या भागातील, उदाहरणार्थ चामराजपेटमधील, परवानाधारक मद्यविक्री दुकानात जाऊन तशी बिअर मागणाऱ्या ग्राहकाला बहुधा किंगफिशर, बडवायझर किंवा टुबोर्ग यांपैकी एक बाटली घेऊन परतावे लागते. आपल्याच शहरात तयार होणारी वस्तू आपल्याच पेठेतील दुकानात का मिळू नये, हा त्याचा प्रश्न रास्त आहे. दोष दुकानदाराच्या अरसिकतेला दिला जातो. प्रत्यक्षात त्याचे उत्तर परवान्यांची रचना, लेबलांची नोंदणी आणि करआकारणीची पद्धत या तीन ठिकाणी शोधावे लागते.

चामराजपेट ही १८९२ मध्ये वसवलेली वसाहत. म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वडियार यांचे नाव तिला मिळाले. कन्नड साहित्य परिषदेची वास्तू, फोर्ट हायस्कूल, मंदिरे, मशिदी, शाळा आणि लगतच कृष्णराजेंद्र मार्केटची दाट वस्ती असा हा परिसर आहे. कर्नाटकच्या अबकारी नियमांनुसार शाळा, रुग्णालये आणि प्रार्थनास्थळे यांपासून १०० मीटरच्या आत मद्यविक्रीचा परवाना मिळत नाही. मायक्रोब्रुअरीला तर किण्वनाच्या टाक्या, शीतकक्ष आणि उपाहारगृह सामावेल एवढी प्रशस्त जागा लागते. जुन्या पेठांमध्ये अशी जागा आणि असे अंतर एकत्र मिळणे दुर्मीळ. त्यामुळे मायक्रोब्रुअरी पूर्वेकडील व दक्षिणेकडील नव्या वसाहतींत गेल्या आणि जुन्या शहरातील ग्राहकासाठी केवळ दुकान उरले.

येथे मायक्रोब्रुअरी परवान्याचे स्वरूप महत्त्वाचे ठरते. महाराष्ट्रातील पहिली मायक्रोब्रुअरी, डुलाली, २००९ मध्ये पुण्यात सुरू झाली. बंगळुरूत ‘द बिअर क्लब’ आणि ‘टॉइट’ यांनी २०११ च्या सुमारास या व्यवसायाचा पाया घातला. कर्नाटकातील हा परवाना उपाहारगृहाच्या किंवा हॉटेलच्या परवान्याशी जोडलेला आहे. तयार झालेली बिअर त्याच जागेत ग्राहकाला पेल्यातून द्यावी, असे त्याचे मूळ सूत्र आहे. बाटलीत किंवा कॅनमध्ये भरून ती घाऊक साखळीत पाठवण्याची मुभा त्यात नाही. बिअर दुकानापर्यंत न्यायची असेल तर वेगळा, पूर्ण क्षमतेचा कारखाना उभारावा लागतो किंवा दुसऱ्याच्या कारखान्यात ती करून घ्यावी लागते. बंगळुरूतच नावारूपाला आलेल्या आर्बर या मायक्रोब्रुअरीने कॅनमधील बिअरसाठी गोव्याचा रस्ता धरला. एका शहराची चव दुसऱ्या राज्यात तयार व्हावी आणि सीमा ओलांडून, आयातीचे सोपस्कार पूर्ण करून त्याच शहरात परत यावी, हा प्रकार अर्थशास्त्रापेक्षा विनोदाच्या प्रांतात शोभणारा आहे.

या नियमाला एकदा तात्पुरती शिथिलता मिळाली होती. मे २०२० मध्ये टाळेबंदीमुळे टाक्यांमधील बिअर गटारात ओतण्याची वेळ आली, तेव्हा कर्नाटक सरकारने मायक्रोब्रुअरींना ती भांड्यांत भरून घरी नेण्यासाठी विकण्याची परवानगी काही काळापुरती दिली. महाराष्ट्रातही तसा निर्णय झाला. त्याआधीपासूनच पुण्यात तयार झालेली बिअर पिंपांतून मुंबईच्या उपाहारगृहांत पोहोचत होती. म्हणजे ताजी बिअर तिच्या जन्मस्थानाबाहेर नेणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे, असे म्हणता येत नाही. बिअर जागेवरच प्यायला लावणाऱ्या नियमाचा एक परिणाम असाही आहे की, चामराजपेटचा ग्राहक सुमारे दहा किलोमीटर दूर इंदिरानगरला जातो, तेथे पितो आणि मग घरी परततो. रस्ता सुरक्षेच्या दृष्टीने घरी नेऊन पिणे अधिक बरे, हे सांगण्यासाठी तज्ज्ञाची गरज नाही.

घाऊक व्यापाराची बाजूही पाहिली पाहिजे. कर्नाटकात २००३ पासून मद्याचा घाऊक व्यापार सरकारी मालकीच्या कर्नाटक राज्य पेय महामंडळामार्फत चालतो. शुल्क चुकवून होणाऱ्या विक्रीला आळा घालणे हा त्यामागचा हेतू होता आणि महसुलाच्या दृष्टीने तो सफल झाला, हे मान्य करावे लागेल. मात्र ही साखळी व्हिस्की, रम आणि पाश्चरीकृत बिअर डोळ्यांसमोर ठेवून उभी राहिली. पाश्चरीकृत, गाळलेली लागर बिअर गोदामातील उष्मा सोसून काही महिने टिकते. हॉप्सचा सुगंध हेच ज्या बिअरचे वैशिष्ट्य, ती मात्र उष्णतेत काही आठवड्यांतच निस्तेज होते. न गाळलेल्या बिअरमधील यीस्ट उबेत पुन्हा काम करू लागते. कारखान्यापासून दुकानापर्यंत अखंड थंडावा नसेल, तर ग्राहकाला मिळणारी बाटली महाग तर असतेच, शिवाय बेचवही असते. क्राफ्ट बिअर एकदा आणून पुन्हा न मागणाऱ्या ग्राहकांमध्ये अशा शिळ्या बाटलीचे बळी किती असतील, हा विचार करण्याजोगा विषय आहे.

किरकोळ विक्रीचे परवानेही मोजकेच आहेत. ‘सीएल-२’ प्रकारच्या खासगी दुकानांचे नवे परवाने कर्नाटकात १९९२ नंतर सर्वसाधारणपणे दिले गेले नाहीत. सरकारी कंपनीची दुकाने हा त्यातील ठळक अपवाद होय. साहजिकच जुन्या परवान्याला मोठी किंमत आली. ती वसूल करायची तर फळीवरील प्रत्येक इंच जागेने रोज पैसा मिळवून दिला पाहिजे. दुकानदाराला माल खोक्याच्या हिशेबाने, आगाऊ पैसे भरून उचलावा लागतो. आठवड्याला चारच कॅन खपणारी बिअर त्याने शीतकपाटात ठेवावी, ही अपेक्षा त्याच्या हिशेबात बसत नाही.

याहून मोठा अडथळा लेबलांचा आहे. राज्यघटनेनुसार मद्य हा राज्यांचा विषय असून ते वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर आहे. त्यामुळे प्रत्येक राज्य म्हणजे एक स्वतंत्र देशच. प्रत्येक बिअरचे, तिच्या प्रत्येक आकारमानाचे लेबल त्या त्या राज्यात शुल्क भरून नोंदवावे लागते आणि नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. वर्षाला लाखो पेट्या विकणाऱ्या कंपनीला हे शुल्क जाणवतही नाही. ऋतुमानाप्रमाणे सहा प्रकारच्या बिअर थोड्या थोड्या करणाऱ्या उत्पादकाला मात्र ते सहा वेळा आणि राज्यागणिक पुन्हा भरावे लागते. विविधता हाच ज्याचा व्यवसाय, त्याच्यावर विविधतेबद्दलच दंड बसतो.

या व्यवस्थेत एक शब्दही किती महाग पडू शकतो, ते ‘बिरा ९१’च्या बाबतीत दिसले. २०१५ मध्ये बाजारात आलेल्या या बिअरने शहरी तरुणांना लागरपलीकडची चव दाखवली. तिच्या मालक कंपनीने भांडवल बाजारात उतरण्याच्या तयारीत आपल्या नावातील ‘प्रायव्हेट’ हा शब्द वगळला. कंपनीचे नाव बदलले म्हणून राज्याराज्यांत लेबलांची नव्याने नोंदणी करणे भाग पडले आणि काही महिने विक्री खोळंबली. जुन्या नावाचा सुमारे ८० कोटी रुपयांचा माल निकामी ठरला. २०२३-२४ या आर्थिक वर्षात कंपनीचा तोटा ७४८ कोटी रुपयांवर गेला, तर तिचे उत्पन्न त्याहून कमी होते. या तोट्याला कंपनीचा अवाढव्य खर्चही कारणीभूत होता, त्यामुळे सारे खापर नियमांवर फोडता येणार नाही. तरीही बिअर तीच, कारखाना तोच आणि केवळ एका शब्दामुळे माल विकता येत नाही, ही वस्तुस्थिती उरतेच.

करआकारणीचा मुद्दा सर्वांत निर्णायक आहे. कर्नाटकात बिअरवरील अतिरिक्त अबकारी शुल्क उत्पादकाच्या किमतीवर टक्केवारीने आकारले जात आले आहे. जुलै २०२३ च्या अर्थसंकल्पात त्याचा दर १७५ टक्क्यांवरून १८५ टक्के झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये तो १९५ टक्क्यांपर्यंत गेला. १८५ टक्क्यांचाच ढोबळ हिशेब करू. तीस रुपये मूळ किमतीची साधी बिअर या एका शुल्काने ८५ रुपये ५० पैशांवर जाते. अधिक माल्ट, परदेशी हॉप्स आणि लहान प्रमाणातील उत्पादन यांमुळे मूळ किंमत साठ रुपये झाली, तर तीच रक्कम १७१ रुपये होते. मूळ फरक तीस रुपयांचा, ग्राहकापर्यंत तो ८५ रुपयांहून अधिक, आणि इतर आकार व दुकानदाराचा नफा वेगळाच. बिअर अधिक चांगली करण्यासाठी उत्पादकाने खर्च केलेल्या प्रत्येक रुपयावर सरकार जवळजवळ दोन रुपये घेते. अशा स्थितीत उत्पादक खर्च वाचवण्याकडे वळतो आणि ग्राहक कमी पैशांत अधिक नशा देणाऱ्या ‘स्ट्राँग’ बिअरकडे. मद्यपानाला आळा घालण्याची भाषा करणाऱ्या धोरणाचे हे फळ विचित्रच म्हणावे लागेल.

अर्थात राज्याची बाजूही दुर्लक्षिण्यासारखी नाही. कर्नाटकाने २०२५-२६ या वर्षासाठी अबकारी महसुलाचे उद्दिष्ट ४० हजार कोटी रुपये ठेवले होते. एवढी रक्कम सहजासहजी सोडणारे सरकार कोणत्याही पक्षाचे असणार नाही. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदातील मद्यनिषेधाच्या तत्त्वाचा आधारही सरकारला घेता येतो. मात्र लहान उत्पादकांचा महसुलातील वाटा इतका अल्प आहे की, त्यांना सवलत दिल्याने तिजोरीला खिंडार पडेल, हा युक्तिवाद टिकत नाही. ब्रिटनने २००२ मध्ये लहान बिअर उत्पादकांसाठी निम्म्यापर्यंत शुल्कसवलत लागू केली. अमेरिकेने तर १९७६ मध्येच त्यांच्यासाठी कमी दर ठरवला होता. दोन्ही देशांत पुढे शेकडो लहान कारखाने उभे राहिले, त्यात या निर्णयांचा वाटा मोठा होता.

बड्या कंपन्यांचा प्रभाव हा या चित्राचा आणखी एक भाग आहे. युनायटेड ब्रुअरीज या कंपनीची स्थापना १९१५ मध्ये झाली, तिचे मुख्यालय बंगळुरूत आहे आणि २०२१ पासून तिचे नियंत्रण हायनेकेनकडे आहे. ती, कार्ल्सबर्ग आणि एबी इनबेव्ह या तीन कंपन्यांच्या हाती देशातील बिअर बाजाराचा बहुतांश वाटा आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये दिलेल्या निर्णयानुसार, या कंपन्यांनी २००९ पासून २०१८ पर्यंत संगनमताने किमती ठरवल्या. ज्या राज्यांचा त्यात उल्लेख आहे, त्यांत कर्नाटक आणि महाराष्ट्र हे दोन्ही आहेत. युनायटेड ब्रुअरीजला सुमारे ७५२ कोटी आणि कार्ल्सबर्गला सुमारे १२१ कोटी रुपये दंड झाला. माहिती पुरवल्याबद्दल एबी इनबेव्हला दंडातून पूर्ण सूट मिळाली. अपील न्यायाधिकरणाने डिसेंबर २०२२ मध्ये हा दंड कायम ठेवला. सरकारकडे किमतीचा प्रस्ताव कोणी, केव्हा आणि किती वाढीचा मांडावा, याची जुळवाजुळव हा या संगनमताचा गाभा होता. किमतींना सरकारची मान्यता लागते तेथे ज्याचे वजन अधिक त्याचेच म्हणणे आधी ऐकले जाते. चार टाक्यांचा कारखाना चालवणाऱ्याला त्या दालनात खुर्चीही नसते.

मायक्रोब्रुअरींना ठरावीक प्रमाणात कॅन भरून जवळच्या दुकानांत विकू देणे, लहान उत्पादकांसाठी लेबल नोंदणीचे एकत्रित शुल्क ठेवणे आणि टक्केवारीऐवजी मद्यार्काच्या प्रमाणावर कर आकारणे, हे उपाय या व्यवसायातील मंडळी बराच काळ मांडत आली आहेत. त्यांपैकी पहिल्यासाठी केवळ नियमदुरुस्ती पुरेशी आहे. दुसऱ्यात राज्याचे नुकसान किरकोळ आहे. तिसरा मात्र सर्व मद्यप्रकारांच्या किमतींची उतरंड बदलणारा असल्यामुळे सर्वाधिक विरोध त्यालाच होईल. स्पिरिट उत्पादकांचे हितसंबंध त्यात गुंतलेले आहेत आणि स्वस्त मद्य महागल्यास त्याचा भार सर्वांत गरीब ग्राहकावर पडेल, ही भीतीही निराधार नाही. २००७ मध्ये कर्नाटकाने अरकावर बंदी घातल्यानंतर तो ग्राहक स्वस्त व्हिस्कीकडेच वळला होता.