गुप्त मत, उघड विवेक

राष्ट्रपतिपदाची निवडणूक आली की कोणाचे आमदार फुटणार, याचे आडाखे पुणे-नगर रस्त्यावरील सुप्यातही बांधले जातात. अमेरिकेत अध्यक्ष व उपाध्यक्ष यांची जोडी एकत्रच मतदारापुढे येते. आपल्याकडे उपराष्ट्रपतीची निवड खासदार स्वतंत्रपणे करतात. राष्ट्रपतीसाठी मात्र सुपेकरांच्या वतीने पारनेरचा आमदारही मत देतो. २०२२ साली त्या मताचे मूल्य १७५ होते. या मतदानाला पक्षादेश लागू नाही, मतपत्रिकाही गुप्त. मग निष्ठा कोणाशी?

१९६९ साली इंदिरा गांधींनी संजीव रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर सही केली आणि पुढे सदसद्विवेकबुद्धीनुसार मतदानाचा पुकारा केला. गिरी दुसऱ्या पसंतीच्या मतांच्या आधारे निसटते विजयी झाले. ज्यांनी न बोलता मत फिरविले, त्यांचा विवेक खरा की सोयीचा, हे मतदाराने कसे ओळखावे? २००७ साली शिवसेनेने मित्रपक्षांचा पाठिंबा असलेल्या शेखावतांना डावलून प्रतिभाताई पाटील यांना, मराठी उमेदवार म्हणून, जाहीर पाठिंबा दिला. तो निर्णय कोणाला रुचला, कोणाला नाही. पण त्यावर वाद तरी घालता आला.

उघड बोलणाऱ्याची पुढची उमेदवारी पक्ष कापील, हे खरे. परंतु त्याची आमदारकी जात नाही. एवढी किंमतही ज्याला मोजवत नाही, त्याने विवेकाचे नाव घेऊ नये. गुप्ततेचे कवच पक्षश्रेष्ठींच्या धाकापासून रक्षणासाठी दिलेले आहे. ज्यांनी निवडून दिले, त्यांच्यापासून तोंड लपविण्यास ते वापरणे ही खरी बेइमानी होय.