एका पानाचं सोनं

मैत्रिणींनो, घटस्थापनेची साफसफाई सुरू झाली की आपल्याला मान वर करायला फुरसत नसते. म्हणून दसऱ्याचा विषय आजच काढते आहे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मंडईत आपट्याच्या पानांचे ढीग लागतात. ती काही एकेक करून खुडलेली नसतात. फांद्याच्या फांद्या तोडून आणलेल्या असतात. संध्याकाळी आपण ती वाटतो आणि दुसऱ्या दिवशी केरात लोटतो. त्यातली कितीतरी पानं तर कांचनाची असतात. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, कांचनाचं मोठं. म्हणजे ओरबाडली जातात ती दोन्ही झाडं!

आपटा हा आपल्या पानझडी जंगलातला, वेडावाकडा वाढणारा लहानसा वृक्ष. संस्कृतात त्याला अश्मंतक म्हणतात. त्याच्या सालीच्या वाखाचे दोर वळतात, पानांच्या विड्याही करतात. पण त्याला घराघरांत मान मिळाला तो कौत्साच्या गोष्टीमुळे. वरतंतू ऋषींनी 14 विद्या शिकवल्या आणि शिष्याने फारच हट्ट धरला तेव्हा 14 कोटी मोहरा दक्षिणा मागितली. कौत्स रघुराजाकडे गेला, तर राजाने विश्वजित यज्ञात सर्वस्व देऊन टाकलेलं. राजा कुबेरावर स्वारीला निघाला तेव्हा कुबेराने सोन्याचा पाऊस पाडला. आपल्याकडे सांगतात, तो आपट्याच्या झाडावर. कौत्साने गुरूपुरत्या मोहरा घेतल्या, एकही जास्त नाही. उरलेलं सोनं लोकांनी लुटलं. आपण ते लुटणं तेवढं लक्षात ठेवलं, कौत्साचं ‘पुरे’ मात्र विसरलो.

तर यंदा असं करू या. पान एकच आणायचं आणि सोनं द्यायचं ते त्याच्या ठशाचं.

साहित्य घरातलंच: जाड कार्डपेपर, पिवळा आणि थोडा तपकिरी पोस्टर कलर, ब्रश, रद्दी, लाटणं. पान पुसून रात्रभर जाड पुस्तकात दाबून ठेवा. मागच्या बाजूला शिरा उठून दिसतात, म्हणून रंग तिथेच लावायचा आणि तोही पातळ थराने. रंग जास्त झाला की शिरा बुजतात. पहिला ठसा रद्दीवर काढून जादा रंग उतरवा. मग रंगाची बाजू खाली करून पान कार्डावर ठेवा, वर कोरा कागद, आणि लाटणं एकदाच फिरवा. पान देठाला धरून अलगद उचला. देठापासून पंख्यासारख्या पसरलेल्या शिरा कशा उमटतात ते पाहाच! एका पानाचे दहाबारा ठसे सहज निघतात.

जास्त हवे असतील तर मोठं खोडरबर किंवा चित्रकलेच्या दुकानातला लिनोलियमचा तुकडा घ्या. पानाची कड गिरवून घ्या. बाहेरचा भाग कोरून काढा, शिराही बारीक कोरा. इथे उलटं होतं बरं का: कोरलेलं कोरं राहतं, म्हणून शिरा पांढऱ्या येतात. आपट्याचं पान दोन्हीकडून सारखं, त्यामुळे उलटसुलटची भानगड नाही. अक्षरं मात्र आरशातल्यासारखी उलटी कोरावी लागतात. कोरणी नेहमी हातापासून दूर चालवायची. लहान मुलांना कोरायला देऊ नका, ठसे खुशाल मारू द्या. शाळेत माझ्या वर्गातल्या मुलींनी एका तासात वर्गाला पुरून उरतील एवढे ठसे काढले.

आता खरी अडचण. “कागदाचं कसलं गं सोनं?” असं आमच्या सासूबाईंनी विचारलंच. त्यांचंही खोटं नाही; देवापुढे खरं पान हवं. म्हणून ठसा काढायच्या आधी एक कोरं पान पूजेसाठी बाजूला ठेवलं. ते देवापुढे राहिलं आणि पाया पडायला येणाऱ्यांच्या हातावर ठशाचं कार्ड. मागे प्रत्येकाचं नाव घालून दोन ओळी लिहिल्या होत्या. पानं दुसऱ्या दिवशी केरात गेली असती. ही कार्डं मात्र सासूबाईंच्या मैत्रिणींनी पोथीत खूण म्हणून ठेवली आहेत.

काम झालं की खोडरबराचा ठसा लगेच पाण्याने धुवा. लिनो मात्र ओल्या फडक्याने नुसता पुसा. कोरडा करून कापडात गुंडाळून डब्यात ठेवलात, तर पुढच्या दसऱ्यालाही उपयोगी पडेल.