वारस नोंदीतल्या बहिणी

आपल्याकडे घराण्याचा विषय निघाला की शजऱ्यापासून सुरुवात होते. कोणाचे पूर्वज अरबस्तानातून आलेले असतात, कोणाचे बुखाऱ्याहून, कोणाचे थेट पैगंबरांच्या घराण्यातले. पणजोबांचे वडील कोणत्या वाडीत राहत होते आणि पोटासाठी काय करत होते, हे विचारले की मात्र सगळे गप्प होतात. त्या दूरच्या पूर्वजांशी माझे भांडण नाही. पण खेड-हवेलीतल्या तांबोळी, मुलाणी, आतार, शिकलगार घरांचा इतिहास इथल्याच कागदांत आहे आणि तो आपण वाचत नाही.

इंग्लंडमध्ये पूर्वजांचा माग काढणारे आधी जुनी मृत्युपत्रे पाहतात. कँटरबरीच्या धर्मन्यायालयात १३८४ ते १८५८ या काळात सिद्ध झालेली मृत्युपत्रे तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवली आहेत. आपल्याला ती वाट फारशी उपयोगाची नाही, आणि याचे कारण आपल्या कायद्यातच आहे. वसियत तोंडी केली तरी चालते. कफनदफनाचा खर्च आणि कर्ज वजा जाता उरलेल्यापैकी एक तृतीयांशापुरतीच ती करता येते. सुन्नी कायद्याप्रमाणे वारसाच्या नावे करायची तर इतर वारसांची संमती लागते. बाकीचे हिस्से सूरह निसामध्ये ठरवून दिलेले आहेत. हिबाही तोंडी होतो. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातली प्रोबेटची सक्ती, म्हणजे कलम २१३, मुसलमानांच्या वसियतीला लागूच केलेली नव्हती. तेव्हा कोर्टाच्या दप्तरात आजोबा सापडण्याची आशा कमीच. कोणी वसियत नोंदवलीच असेल तर ती दुय्यम निबंधकाच्या पुस्तक क्रमांक ३ मध्ये असते, आणि करणारा वारल्यानंतर तिची नक्कल कोणीही मागू शकतो.

आपले खरे दप्तर तलाठ्याकडे आहे. १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी सुरू झाली. तेव्हापासून गाव नमुना ६ म्हणजे फेरफार, ६-क म्हणजे वारस नोंदवही, आणि जन्ममृत्यूसाठी नमुना १४. त्याच्या मागे जायचे तर पुण्याचे पुरालेखागार आहे, म्हणजे जुने पेशवे दफ्तर. तिथे कागद रुमालांत बांधलेले असतात आणि मोडी वाचणारा सोबत लागतो. १८५२ च्या कायद्याने आलेल्या इनाम कमिशनपुढे इनामदारांना आपला हक्क सिद्ध करावा लागला. काझी, खतीब, मुलाणा अशी वतने असलेल्या घरांच्या पिढ्या अशा कागदांत लागू शकतात. चाकणचा शोध घेताना एक लक्षात असू द्यावे. १६६० मध्ये शाइस्ताखानाने किल्ला घेतल्यावर मोगलांनी त्याचे नाव इस्लामाबाद ठेवले होते.

भाषा शिकवणाऱ्याला या कागदांत वेगळीच मौज वाटते. वारस, मयत, दस्त, हयात, हक्क हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आलेले, आणि मराठी शेतकरी ते रोज वापरतो. बापाच्या नावाआधी ‘वलद’ किंवा ‘बिन’ हिंदू-मुसलमान दोघांच्याही नोंदीत येतो. बाईच्या नावापुढे ‘कोम’ किंवा ‘जौजे’ येतो, म्हणजे अमक्याची बायको. नुसत्या नावावरून कुळ ओळखू पाहणाऱ्यांनी ही पाने एकदा चाळावीत.

हे कागद आपण काढतो ते गरज पडली की. इतर मागासवर्गीयांच्या जात पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरमध्ये सरसकट ‘मुसलमान’ लिहिलेले असते, मग तांबोळी किंवा मुलाणी हा शब्द शोधायला फेरफारांच्या नकला निघतात. शब्द सापडला की पान बंद होते. त्याच पानावर खाली काय लिहिले आहे ते कोणी पाहत नाही.

माझ्या आजोळच्या एका फेरफारात मयत खातेदाराचे तीन मुलगे अनुक्रमांकाने नोंदले आहेत. मुलींबद्दल एकच ओळ आहे. त्यांची लग्ने झाली असून त्या सासरी नांदतात, त्यांचा हक्क सांगणे नाही. मुली किती, नावे काय, काही नाही. जिथे नावे आहेत तिथे ती हक्कसोड पत्रात आहेत, खाली डाव्या अंगठ्याचा ठसा. आपल्या पणज्यांची नावे कागदावर येतात ती बहुधा अशी, काही सोडून देताना. एका उताऱ्यावर तर मी थोरल्या भावापुढे ‘ए.कु.मॅ.’ पाहिले आहे, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. शरियतमध्ये एकत्र कुटुंब नावाची गोष्टच नाही!

आणि यात एकट्या तलाठ्याचा दोष नाही. १८४७ मध्ये खोजा मुलींनी कुराणाप्रमाणे वाटा मागितला होता. न्यायमूर्ती पेरी यांनी मुंबईत निकाल दिला की जमातीची रूढी मुलींना वाटा देत नाही, तेव्हा रूढीच चालेल. अशा रूढी मोडायला १९३७ चा शरियत कायदा आला, पण त्यातून शेतजमीन वगळली गेली. खेड तालुक्यातल्या माणसाकडे शेतजमिनीशिवाय होते काय?

जिरायतीला किंमत नव्हती तोवर या सोडून देण्याला माया म्हणता येत होते. चाकणला एमआयडीसी आली, महाळुंगे-निघोज्याच्या माळाला भाव आला, आणि मोबदल्याचा धनादेश उताऱ्यावरच्या नावाने निघाला. सभेत पर्सनल लॉसाठी आवाज चढवणारे आपलेच लोक दुसऱ्या दिवशी बहिणीला निबंधक कार्यालयात सहीला नेतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. भावाच्या निम्मा का होईना, तिचा हिस्सा ठरलेला आहे. तो बुडवायचा आणि तिला माहेरची साडी द्यायची, याला दीन म्हणवत नाही.

२०२५ मध्ये सरकारने जिवंत सातबारा मोहीम काढली. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावायची. ज्यांच्या घरात अजून आजोबांचेच नाव चालू आहे त्यांना ही संधी आहे. फेरफाराच्या नोटिशीवर हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, आणि ती नोटीस चावडीवर लागली तरी भोसरीला किंवा साताऱ्याला दिलेल्या बहिणीला कळत नाही. म्हणून अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात सगळ्या मुलींची नावे पत्त्यांसह लिहा, वारलेल्या मुलींची मुलेही विसरू नका. हक्कसोड घ्यायचेच असेल तर आधी तिचे नाव उताऱ्यावर लागू द्या, हिस्सा तिच्या ताब्यात जाऊ द्या, एखाद्या वर्षाचा खंड तिच्या खात्यात पडू द्या. मग विचारा.