शिबिरातल्या मुलांना सावली द्या



लागण, खोडवा सोडून यावेळी थोडं वेगळं लिहितोय. परीक्षा आटोपल्या की आपल्या पुणतांबा भागात उन्हाळी शिबिरांचे बोर्ड लागतात. कुठे बालसंस्कार, कुठे कबड्डी, कुठे लेझीम. शिबिरे जरूर व्हावीत. मोबाईल सोडून पोरं मैदानात येतात, हे चांगलंच आहे. माझी तक्रार फक्त उन्हाबद्दल आहे.

गेल्या मे महिन्यात माझा नऊ वर्षांचा पुतण्या अशाच एका शिबिरात होता. समारोपाचे पाहुणे उशिरा आले. तोवर पोरं रांगेत, उघड्या डोक्यानं, साडेबारापर्यंत उभी. मंडप होता, पण तो पाहुण्यांसाठी! पोरगं ओकतच घरी आलं, रात्री सलाईन लावावी लागली. वहिनी म्हणाल्या, “भावजी, रोपांना जाळी लावा म्हणून गावोगाव सांगत फिरता, मग पोरांचं काय?” मला उत्तर देता आलं नाही.

ट्रेमधलं उसाचं रोप आपण जाळीखाली वाढवतो. लावण्याआधी हळूहळू उन्हाची सवय करतो. पोराला मात्र पहिल्याच दिवशी भर उन्हात पळवतो.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य साडेबाराच्या सुमारास थेट डोक्यावर येतो, आपली सावली पायाखाली जाते. नेमकी तेव्हाच शिबिरे रंगात असतात. मूल मोठ्या माणसापेक्षा लवकर तापतं, त्याला घाम कमी येतो आणि खेळाच्या नादात ते तहानही सांगत नाही. “आमची पोरं रानातली, त्यांना ऊन काय करतंय?” असं म्हणणारे भेटतात. सावळी कातडी कमी भाजते हे खरं, पण अंगात चढणारी गरमी रंग बघत नाही. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण सोहळ्याला लोक भर दुपारी उघड्या मैदानात बसले होते. उष्माघाताने 14 जणांचा जीव गेला. ही तर मोठी माणसं, आणि नुसती बसलेली.

मैदानी खेळ सकाळी साडेनऊपर्यंत आटोपावेत, नंतर थेट पाचनंतर. पत्र्याच्या शेडला सावली समजू नका, ती भट्टी असते. त्यापेक्षा लिंबाचं झाड बरं. अंगात पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, डोक्याला टोपी किंवा ओला पंचा. दर वीस मिनिटांनी शिट्टी मारून सगळ्यांना पाणी पाजावं, तहान असो-नसो. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ठेवावं. (साखर तरी आपल्याला विकत आणायची नाही!) पोर बरळू लागलं, अंग तापून निघालं तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

फी भरण्याआधी चालकांना एवढंच विचारा, दुपारी बारा वाजता मुलं कुठं असतील? उत्तर गोलमाल आलं तर पोराला घरी ठेवा.

आणि एक सुचवतो. सुरू लागण झालेली, आडसालीची रोपं अजून टाकायची. त्यामुळे मेच्या मध्याला बऱ्याच रोपवाटिकांची जाळी मोकळी पडलेली असते. ती दुहेरी करून मैदानाच्या कडेला ताणली तर पन्नास पोरं सहज बसतील. ज्यांच्याकडे जाळी आहे त्यांनी गट ऑफिसात नाव द्यावं. बांधायला मी स्वतः येईन.

— ऊस विकास अधिकारी