स्केटबोर्ड मंडळ आणि गुणांची अट

शाळा सुटल्यावर विद्यार्थ्यांनीं स्केटबोर्डच्या मंडळांत जावें कीं नाहीं, याविषयीं पालकांत मतभेद दिसतो. आमच्या मतें जाऊं द्यावें; इतकेंच नव्हे, तर गणितांत नापास झालेल्यासही जाऊं द्यावें. खेळास गुणांची अट घालणें ही आम्हां शिक्षकांची जुनी खोड आहे, आणि ती आम्हींही पुष्कळ वर्षें जोपासली.

मध्य प्रदेशांतील पन्ना जिल्ह्यांत जनवार नांवाचें खेडें आहे. तेथें २०१५ सालीं स्केटबोर्डसाठीं काँक्रीटचें मैदान झालें, आणि दोन नियम ठरले : शाळेंत न जाणारास फळी नाहीं, व मुलींचा क्रम पहिला. गुणांचें नांवही नाहीं! एरवीं एकमेकांपासून दूर राहणारीं यादव व आदिवासी मुलें तेथें एकाच उतारावर खेळूं लागलीं.

हाडें मोडतील ही पालकांची भीति खोटी नव्हे. हेल्मेट व गुडघ्यांचे पॅड असल्यावांचून कोणास फळीवर चढूं देऊं नये.

तरीही आरंभीं बहुतेक सर्वच आपटतात. वर्गांत पहिला येणाराही आपटतो, आणि शेवटच्या बाकावरचा त्यास हात देऊन उठवितो. गुणांची अट घालूं पाहणाऱ्यांनीं एखाद्या सायंकाळीं हें पाहावयास यावें.