माळकऱ्याने शुगर-फ्री खावं का?

परवा कॉलेजच्या कट्ट्यावर एका मित्राने प्रोटीन बारचं रॅपर उलटं करून वाचलं आणि घास तोंडातच थांबला. मागे बारीक अक्षरांत छापलं होतं, 'शुगर अल्कोहोल'. पोरगा माळकरी घरातला, गळ्यात तुळशीची माळ, शेगावच्या पालखीसोबत दरवर्षी दोन-चार मुक्काम चालणारा. "माझा नेम मोडला का रे?" आम्ही हसलो. तो नाही हसला.

खरं तर प्रश्न हसण्यासारखा नव्हताच. घोळ नावाचा आहे. कार्बनला ओएच गट जोडलेला असला की रसायनशास्त्रात त्याला अल्कोहोल म्हणतात. बारावीत पाठ केलं, पेपर झाला, विसरलो. दारूतलं इथेनॉल हे त्या कुळातलं एक. सॉर्बिटॉल, माल्टिटॉल, झायलिटॉल हे त्याचे भाऊबंद. पण आडनाव पाटील असलं म्हणून सगळेच काही गावची पाटीलकी करत नाहीत! सॉर्बिटॉल साधारणपणे मक्यासारख्या धान्याच्या स्टार्चपासून बनवतात, म्हणजे आपल्या मोताळा-मलकापूरकडच्या शेतात पिकतो तोच मका. आधी ग्लुकोज काढायचं, मग त्याला हायड्रोजन जोडायचा. सफरचंदात तर ते मुळातच असतं. नशा शून्य. जास्त खाल्लं तर चढत नाही, पोट बिघडतं. म्हणूनच अशा पाकिटांवर पॉलिऑल्समुळे जुलाब होऊ शकतात, अशी सूचना असते.

तेव्हा बार खुशाल खा. मला गंमत पुढे वाटली. याच मित्राची आजीही माळकरी आणि ती जेवणानंतर द्राक्षासव घेते. आसवं-अरिष्टं आंबवूनच तयार होतात, त्यात इथेनॉल आपोआप तयार होतं आणि अनेक बाटल्यांवर त्याची टक्केवारीही छापलेली असते. होमिओपॅथीची टिंक्चर, काही कफ सिरप, तिथेही तेच. नाव औषधाचं, म्हणून कुणी बाटली उलटी करून बघत नाही.

माळ नशेपासून लांब राहण्यासाठी असते. दोन-चार चमचे औषधाने ती बाटते, असं मला तरी वाटत नाही. ज्याला वाटतं त्याने वैद्यांकडून काढा किंवा चूर्ण मागून घ्यावं.

पण दारू सोडण्यासाठी ज्याची डायसल्फिरामची गोळी चालू आहे, त्याच्या घरात हा श्रद्धेचा विषय राहत नाही. त्या गोळीवर थोडं इथेनॉल पोटात गेलं तरी चेहरा लाल होतो, धडधड वाढते, उलट्या होतात, कधी जिवावरही बेतू शकतं. सॉर्बिटॉलने यातलं काही होत नाही. म्हणजे बाबांच्या खिशातलं च्युइंगम तपासू नका, खोकल्याची बाटली तपासा. मेडिकलवाल्याला "यात अल्कोहोल आहे का?" असं सरळ विचारा. चार लोक बघतील, बघू देत.

मित्राने बार संपवला. संध्याकाळी त्याचा व्हॉट्सॲप आला, आजीच्या बाटलीच्या लेबलचा फोटो आणि खाली एकच ओळ : "सांगू का तिला?"

मी म्हटलं, सांग. तिचा नेम आहे, तिलाच ठरवू दे.